गुड्डनचे गहू पिवळेच व्हायचे होते

जिजी,

खिडकीतल्या तुझ्या बरण्यांचं काय करायचं, ते मला कळत नाहीये. पाच आहेत. प्रत्येकीत ओला टीपकागद, कागद आणि काच यांच्यामध्ये राजम्याचा एकेक दाणा, आणि बाहेर चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात मुलाचं नाव. चार उगवलेत. पाचव्यावर बुरशी आलीय असं मला वाटतं, सुमन म्हणते ते मूळ आहे. तू असतीस तर चष्मा कपाळावर सरकवून एका नजरेत सांगितलं असतंस. मी सकाळपासून तीनदा बघून आलो. मुलं येतील आणि विचारतील, या धास्तीनं फाटकाची कडी आतून लावून ठेवलीय.

परवा तुझं तेरावं झालं. नागपूरची नलूताई काल परत गेली, मांडववाल्याच्या सतरंज्या गेल्या, आणि आज पहिल्यांदा घरात तुझ्याशी बोलायला जागा झाली. तुझ्या शाळेतून निरोप आलाय की बहिणीबद्दल चार शब्द लिहून द्या. देईन. किती वर्षं शिकवलंस, कुठल्या वर्गाला, कधी निवृत्त झालीस, सगळं लिहीन. हे ते नाही. हे तुला एकटीला सांगायचंय, कारण घरात एक भानगड झालीय आणि ती निस्तरायला नेमकी तूच नाहीस. भानगड गुड्डनची आहे असं सगळ्यांना वाटत होतं. खरं म्हणजे ती माझी होती.

मी काळजीखोर आहे हे तू सगळ्या नगरा मोहल्ल्याला सांगून ठेवलं होतंस. उभी नोकरी रेल्वेच्या ऑफिसात काढली, गाड्यांच्या वेळा मला तोंडपाठ, आणि तरी गाडी पकडायची तर मी दोन तास आधी फलाटावर. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेवरून परत यायचं. नितीन लहानपणी नुसता शिंकला तरी मी थर्मामीटर झटकायला लागायचो. ‘दिनूला काळजी करायला काही मिळालं नाही, की तो त्याचीच काळजी करतो,’ असं तू नितीनच्या सासरच्यांसमोर म्हणाली होतीस, पहिल्याच भेटीत. मी दोन दिवस तुझ्याशी बोललो नव्हतो.

पण तुझं खरं होतं. खंडेराव गेटजवळ राहायचो तेव्हा तू दहा-अकराची असशील, मी पाच-सहाचा. नारळाच्या करवंटीत माती भरून तू मला मेथी पेरून दिलीस. मी रोज सकाळी माती उकरून दाणे जागेवर आहेत का ते बघायचो. एक दिवस एकाला इवलासा पांढरा मोड दिसला आणि मी तो आनंदानं तुला दाखवायला घेऊन आलो, चिमटीत धरून. तू रागावली नाहीस. दुसरी करवंटी भरलीस आणि ती माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवलीस. आठव्या दिवशी खाली उतरवलीस तेव्हा ती हिरवीगार झाली होती, आणि मी रडलो होतो. मला वाटलं, मी नव्हतो म्हणूनच ती उगवली.

निवृत्त झाल्यावर तू रविवारची शाळा सुरू केलीस तेव्हा मी कपाळावर हात मारला होता. गल्लीतली सगळी कार्टी आपल्या व्हरांड्यात. चिखल, सांडलेलं पाणी, पायपुसण्याची दुर्दशा. तू मात्र पदर खोचून मध्ये बसलेली. बशीत ओला कापूस आणि त्यावर अळीव, कारण अळीव दुसऱ्याच दिवशी मोड दाखवतो आणि धीर नसलेल्या मुलांना तोच द्यावा. धणे तसेच पेरायचे नाहीत, लाटण्यानं हलके दाबून दोन फाकी करायच्या. राजमा रात्रभर भिजवायचा, पण बरणीत बुडवायचा नाही, नुसती ओल. पाणी भांड्यानं ओतायचं नाही, बोटं बुडवून शिंपडायचं. कुठल्याशा पुस्तकात अंड्याच्या कवचात मोहरी लावायची युक्ती होती, तेव्हा तुझ्या भावजयीनं, सुमननं, घर डोक्यावर घेतलं होतं, आणि तू हसत हसत पुन्हा करवंट्यांवर आलीस.

आपलं भांडण एकाच गोष्टीवरून. पुढे काय होणार ते तू मुलांना आधी कधीच सांगायची नाहीस. राजमा चांगला उगवला की तू बरणी उलटी करून ठेवायचीस. मूळ वर, कोंब खाली. मुलं बावरायची, एखादं रडायचंसुद्धा, की आता ते मरणार. तू काही बोलायची नाहीस. तीन-चार दिवसांनी मूळ आपलं आपण खाली वळायचं आणि कोंब वर. मी म्हणायचो, अगं, आधी सांगून टाक ना की वळतं ते, एवढ्याशा जिवांना कशाला घोर लावतेस? तू म्हणायचीस, ‘मग त्यांनी बघायचं कशाला? मीच बघून सांगते की.’ मला हे कधी पटलं नाही. अजून पटत नाही. आणि आता तर माझ्या हातात पुरावा आहे.

या वर्षी तू कजलिया लावायच्या ठरवल्यास. श्रावणात गहू पेरायचे, अंधारात ठेवायचे, आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते कोंब एकमेकांना द्यायचे, ही रीत इथल्या बुंदेली घरांतली. आपण कधी पेरल्या नाहीत. आपला घट नवरात्रात बसतो आणि आपलं तेवढंच पेरणं. पण दर वर्षी गल्लीतले लोक त्या पिवळ्या काड्या आणून आपल्या कानामागे खोचून जातात, हे आपण जन्मापासून बघत आलोय. तुला त्यात प्रयोग दिसला. प्रत्येक मुलाला पळसाच्या पानांचे दोन दोने, म्हणजे आपले द्रोण, तीच माती, तेच गहू. एक दोना आपापल्या घरी कठड्यावर उजेडात, एक कोठीच्या खोलीत उपड्या टोपलीखाली. नितीनची गुड्डन सात वर्षांची झाली म्हणून तिला यंदा पहिल्यांदा घेतलंस. इतर मुलांना घरचं ठाऊक होतं की अंधारातले गहू पिवळे होतात. आपल्या नातीला ते ठाऊक नव्हतं आणि तू अर्थातच तिला सांगितलं नाहीस.

दोन दिवसांनी संध्याकाळी आपण त्यावरूनच भांडलो. कोठीत मातीचे डाग पडले होते, तूच पाटी उचलून नेली होतीस. मी चिखलावरून सुरू झालो आणि नेहमीच्या मुद्द्यावर आलो. तू म्हणालीस, ‘दिनू, तुझं झालं की सांग, मला भात टाकायचाय.’ मी रागानं जेवलो नाही.

आता सांगतो ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता तू चहा घेऊन माझ्याजवळ आलीस. तुला बोलणं सुरू करायचं होतं, मला दिसत होतं ते. तू म्हणालीस, ‘डावा खांदा फार दुखतोय रे, पार जबड्यापर्यंत.’ मी वर्तमानपत्रातून डोकं काढलं नाही. म्हणालो, ‘काल पाट्या उचलल्यास ना मातीच्या? त्याचंच आहे. बाम लाव.’ तू गेलीस आणि बाम लावलास. मला वास आला बामाचा.

अकरा वाजता तू खुर्चीत कलंडलीस. नितीननं आणि मी ऑटोत घातलं. इलाइट चौराह्यावर सगळं अडकलेलं, नितीन उतरून हातानं गाड्या बाजूला करत होता. डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून दुखत होतं? मी म्हणालो, आत्ताच सुरू झालं. नितीन शेजारी उभा होता. जिजी, मी आयुष्यभर नको त्या गोष्टींची काळजी केली. थर्मामीटर, गॅस, गाड्या. ज्या एका सकाळी करायला हवी होती त्या सकाळी मी रुसलेला होतो.

त्यानंतर दोन दिवस घरात नुसती माणसं. गुड्डनकडे कोणाचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी नलूताई कोठीत तांदूळ काढायला गेली आणि टोपली उचलली गेली. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू आलं. ‘अगं बाई! हे कोणी लावलं गं? पार पिवळं पडलंय. घटाचं धान असं पडलं ना, की आमच्याकडे म्हणतात, घरातलं माणूस जातं.’ तिचा दोष नाही. नागपूरच्या बाईला कजलिया कुठून माहीत असणार? पण मला माहीत होतं. मी उठून एक वाक्य बोलायला हवं होतं, की नलूताई, ते पिवळेच असतात. मी उठलो नाही. आणि का उठलो नाही तेही सांगतो, तुझ्यापाशी लपवून काय करू? ती बोलली तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं. बामाखेरीज दुसरं काहीतरी कारण कोणीतरी पुढे केलं होतं. दाराआड गुड्डन उभी आहे हे मला तेव्हा दिसलं नाही.

त्या दिवसापासून पोरगी जेवेना. दूधसुद्धा नाही. आम्हाला वाटलं, तुझी आठवण येते. मग तिनं पाणी घालायला सुरुवात केली. सकाळ-दुपार लोटी घेऊन फिरायची. तुळशीला, कुंड्यांना, खिडकीतल्या बरण्यांना, शेजारच्यांच्या कठड्यावरच्या दोन्यांना. चिखल होऊन दोन मुलांचे गहू कुजले, त्यांच्या आया येऊन सांगून गेल्या, पण सुतकाच्या घरात कोण काय बोलणार. मी तिला म्हणालो, बाळ, एवढं पाणी नको, मुळं गुदमरतात. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. मला वाटलं, हिला ताप आहे. कपाळ गार होतं. मी थर्मामीटर आणला, तो नव्याण्णवच्या खाली, आणि तरी माझा जीव थाऱ्यावर येईना. रात्री नितीनला म्हणालो, उद्या हिला दाखवून आणू. कुणाला दाखवायचं आणि काय झालंय म्हणून सांगायचं, ते दोघांनाही सुचेना.

कजलियांच्या दिवशी गल्लीतल्या रामरती चाची आल्या. वर्षात ज्या घरी गमी झाली, कोणी गेलं, तिथे कजलिया घेऊन आधी जायचं, ही त्यांची रीत तुला ठाऊकच आहे. सुमनच्या कानामागे काड्या खोचता खोचता त्यांचं लक्ष मोरीकडे गेलं. नलूताईनं गुड्डनचा दोना नुकताच कोठीतून टाकायला म्हणून तिथे काढून ठेवला होता.

‘जे कजलियाँ कौन ने बोई हैं?’ त्यांनी विचारलं.

गुड्डन पुढे आली आणि म्हणाली, ‘मैंने. मेरी वजह से पीली पड़ गईं. इसीलिए जिजीआजी मर गईं.’

चाची तिच्यासमोर खाली बसल्या. ‘अरे बिन्नू! पीरी तौ होनई चइये. हरी हो जातीं तौ कौन काम की? देखो तौ, ऐसी नोनी तौ हमाई सोई नईं कढ़ीं.’ अशा सुरेख आमच्यासुद्धा उगवल्या नाहीत म्हणत त्यांनी आपला दोना तिच्या दोन्याशेजारी ठेवून दाखवला. दोन्ही पिवळे. तिचे जरा जास्तच लांब. नलूताईचा चेहरा उतरला, तिनं पोरीला जवळ घेतलं. मला वाटलं, सुटलो.

पण तुझीच विद्यार्थिनी ती. एवढ्यानं कुठली ऐकणार? म्हणाली, ‘लेकिन दो दिन मैंने पानी नहीं डाला ना. जिजीआजी ने कहा था, इनका ध्यान रखोगी तो समझो मेरा रखा. मैं भूल गई थी.’ तू तिला खरंच असं म्हणाली होतीस? म्हणाली असशील. मुलाला काम लावायचं तर थोडा लाडही लावायचा, ही तुझी पद्धत. सगळे एकदम बोलायला लागले, नाही गं राणी, तू एवढीशी, असं कुठे असतं का. ती शांतपणे ऐकत राहिली आणि मग तिनं विचारलं, ‘तो फिर किसकी वजह से मरीं?’

नितीन म्हणाला, देवबाप्पाच्या मनात होतं. तिनं मान हलवली नाही. ती माझ्याकडे बघत होती, किंवा मलाच तसं वाटलं. मी चपला शोधायला बाहेर गेलो.

दुसऱ्या दिवशीही ती जेवली नाही. दुपारी पाऊस थांबला होता, ती मागच्या पायरीवर लोटी घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. काय बोलायचं ते मी चारदा मनात जुळवून गेलो होतो. म्हटलं, ‘गुड्डन, गव्हांना पाणी नाही मिळालं म्हणून कोणी जात नाही. जिजीच्या खांद्यात दुखत होतं. तिनं मला सकाळीच सांगितलं होतं.’

‘फिर?’

‘मी म्हणालो, बाम लाव.’

‘डॉक्टर को क्यों नहीं बुलाया?’

‘मला वाटलं, पाटी उचलली म्हणून दुखतंय.’

ती लोटीतल्या पाण्यात बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, ‘आप उनसे गुस्सा थे. मैंने सुना था.’

मी हो म्हणालो. तिनं लोटी खाली ठेवली आणि ती आत गेली. जिजी, त्या रात्री ती दोन पोळ्या जेवली, वरण मागून घेतलं, आणि ताटावरच सगळ्यांसमोर म्हणाली, ‘आजोबा ने जिजीआजी को बाम लगाने को बोला था.’ सुमनच्या हातातला डाव तसाच राहिला. नितीननं माझ्याकडे बघितलं, आणि डॉक्टरांसमोर मी काय बोललो होतो ते त्याला आठवलं हे मला दिसलं. तो एवढंच म्हणाला, ‘बाबा, जेवा.’ नंतर एकदा म्हणाला की सात वाजता नेलं असतं तरी सांगता येत नाही. खरंच सांगता येत नाही. मी रोज दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि रोज दोन्ही बाजूंनी अडकतो. तू माफ केलं असतंस हे मला माहीत आहे, आणि त्याचा काही उपयोग होत नाही हेही कळलंय.

पोरगी मात्र सुटली. पाणी घालत फिरणं थांबलं. शाळेत जायला लागली. तुझे मी आभार मानतो ते यासाठी की तू तिला खोटं पटकन ओळखायला शिकवलंस. देवबाप्पावर भागलं असतं तर मी कधीच बोललो नसतो. पण ती माझ्याशी बोलायची बंद झाली. गोष्ट नाही, पाढे नाहीत, रिक्षापर्यंत माझं बोट नाही. हे ठीक आहे असं मी स्वतःला सांगत होतो. तिनं स्वतःला धरण्यापेक्षा मला धरलेलं बरं.

तिनं नवीनच काहीतरी सुरू केलंय, आणि आता मला त्याची काळजी लागून राहिलीय. सकाळी शाळेचे कपडे घालून, दप्तर पाठीला लावून ती घरभर फिरते. सुमनला विचारते, ‘आजी, कुछ दुख रहा है?’ मग आईला, मग नितीनला. शेवटी माझ्या दारात येते. माझ्याशी तिचं दिवसभरातलं तेवढं एकच वाक्य. नाही म्हटलं तर ‘सच में?’ विचारते आणि हलत नाही. चार दिवसांपूर्वी मी गुडघा म्हणालो, तर ‘पापा, आजोबा का घुटना!’ अशी हाक मारली आणि नितीन मला घेऊन निघेपर्यंत रिक्षात बसली नाही. सात वर्षांच्या मुलीनं उठल्या उठल्या सगळ्यांची अशी झडती घ्यायची का? हे माझ्यावरून आलं तिच्यात. याच्यावर काय करायचं असतं ते तुला सुचलं असतं, मला सुचत नाही.

आज सकाळीही आली. मी म्हटलं, आज काही नाही, गुडघाही बरा आहे. ‘सच में?’ मी हो म्हणालो. ती हलेना. बाहेर रिक्षावाला भोंगा वाजवत होता, सुमन डबा घेऊन ओरडत होती, आणि ती चौकटीला धरून उभी. तिला आता खोटं चालत नाही. शेवटी मी म्हणालो, ‘दुखतंय गं.’

‘कहाँ?’

मला जागा दाखवता येईना. म्हटलं, ‘जिजी नाहीये ना. ते दुखतंय.’

मला वाटलं, आता ती नितीनला हाक मारणार. तिनं मारली नाही. आत आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली.

‘मेरा भी,’ ती म्हणाली, आणि रिक्षाकडे पळाली.